मेजर कशानं गेला?

मॉसबर्न,
६ जुलै १९८७

प्रिय एफीताई,
सा. न. वि. वि.

बातमी वाईट आहे. मेजर गेला. संध्याकाळी चांगला चारा खात होता, सकाळी कुंपणाशी आडवा. शेपटीखाली रक्ताची हगवण, डोळे पांढुरके. त्याच्या आधी एक नर असाच गेला, तेव्हा मी इथल्या जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीवर ढकललं. आता तसं म्हणायला मन धजत नाही. माझं पोट हरणांवर, आणि हरणं म्हणजे हे नरच. ते असे मरत राहिले, तर मला सगळं विकून गावात यावं लागेल.

मला शेजारच्या वीबेचा संशय येतो. कुंपणावरून आमचं वाजलं, ते तुला लिहिलंच होतं. मध्यंतरी तो झाडपाला फस्त करणारे पॉसम मारायला विषाच्या गोळ्या टाकत होता, तेही नेमकं माझ्या बाजूला. मी हात केला, तर त्यानं वर पाहिलं नाही.

एप्रिलात तू पाठवलेली दोन्ही कोकरं मजेत आहेत. शेजारच्या कुरणातून नरांच्या चाऱ्यात तोंड घालतात. लबाडीत तुझ्यावर गेलीत.

लोभ आहेच, सध्या जरा जास्त पाठव.
तुझा डुगल

ओमारू,
१० जुलै

चि. डुगल यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून घास उतरला नाही. त्यानं वर पाहिलं नाही म्हणतोस? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तू पहिल्यापासून भोळसट. वीस वर्षं त्या माणसाबरोबर चहा प्यायलास, म्हणून तो सज्जन होत नाही. शनिवारी गावच्या हॉलवर सगळे जमतील, तिथं चारचौघांत विचार. एकट्यात विचारलंस तर गोड बोलून तुला गुंडाळील.

आणि माझ्या कोकरांना जप. आईविना पोरं, माझ्या शेगडीशी बाटलीवर वाढलेली. नगरपालिकेनं कटकट केली नसती, तर मी पाठवलीच नसती. त्यांना नरांच्याच कुरणात घाल. तिथलं कुंपण उंच आहे, त्याचा हात पोचणार नाही.

लोभ किती पाठवू? पाकिटात मावेना.
तुझी एफीताई

मॉसबर्न,
२० जुलै

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

कोकरं त्याच दिवशी नरांत घातली. तरी तिसरा नर मेला.

हॉलवर साऱ्या गावासमोर मी विचारलं, ताईनंच विचारायला सांगितलंय असंही म्हणालो. वीबेनं हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाला, की त्याचा स्वतःचा कुत्रा त्याच कुंपणाशी दिवसभर हुंगत असतो, त्याला तो विष घालील का? मग टोपी घेऊन बायको तीने हिच्यासकट निघून गेला. तीनेनं आणलेला केक टेबलावर तसाच राहिला. कुणीही त्याला हात लावला नाही.

गुरांची डॉक्टर नेरिस येऊन गेली. मेलेल्या नराला चिरून तिनं तुकडे तपासणीला पाठवले. मी विषाचं म्हटलं, तर तिनं उलट विचारलं, की मेंढरं नरांजवळ कधीपासून आहेत? मी म्हटलं, बहिणीची लाडकी आहेत, माझ्यापेक्षा धडधाकट. ती नुसती कोकरांकडे बघत राहिली. तिलाही वीबेनं फितवलंय की काय, कोण जाणे.

काळजी घे, आणि माझीही कर.
तुझा डुगल

मॉसबर्न,
३१ जुलै

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

नेरिसकडून तपासणीचा निकाल आला. विष नाही. कणभरही नाही.

हा रोग मेंढरांत असतो. त्यांना काही करत नाही, पण कोवळ्या मेंढरांच्या श्वासातून हरणांना लागतो आणि कित्येक आठवड्यांनी एकदम उठतो. औषध नाही. आपली कोकरं आली तेव्हाच मेजरला लागला असणार. नंतर मी ती नरांतच घातली. आता आणखी कोण आजारी पडेल, याची वाट बघायची. तुला दोष देत नाही. बुद्धी दोघांची एकाच घरातली.

कोकरं त्याच दिवशी हलवायची होती. इथं जो तो हरणं पाळतो, कुणी घेईना. खाटकाकडे न्यायला माझे पाय उचलेनात. दोरी धरून रस्त्यात उभा होतो, तर वीबेचा ट्रॅक्टर थांबला. मी सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही कोकरं उचलून मागच्या ट्रॉलीत घातली आणि तो गेला. माझ्या तोंडून माफीचा शब्द फुटला नाही. ताई, मला फार लाज वाटते.

तुझा डुगल

मॉसबर्न,
९ ऑगस्ट

श्रीमती एफीबाई यांस,
स. न. वि. वि.

आपली ओळख नाही. पण आपण मला चांगलं ओळखता, असं ऐकतो.

कोकरं माझ्याकडे आहेत. मी बटाटेवाला, हरणं पाळत नाही. त्यांना घरामागे, डुगलच्या कुंपणापासून लांब ठेवलंय. तीनेची कोबी त्यांनी संपवली. डुगलचे बाकीचे नर अजून उभे आहेत.

तो रोज संध्याकाळी येतो. कोकरं बघायला आलो म्हणतो, पण फाटकाशी गाडीतच बसून राहतो. आपण त्याला लिहा, आत ये म्हणून. माझं तो ऐकायचा नाही. आपलं ऐकतो, हे हॉलवर साऱ्या गावानं पाहिलंय.

तीनेनं पुन्हा केक केलाय. भिऊ नको म्हणावं. पहिला तुकडा त्याच्यादेखत मी खाईन.

लोभ आजवर नव्हता, आता असावा.
वीबे हूकस्ट्रा