बाजूला ठेवलेला पलंग

१२ जुलै, रविवार

प्रिय आई,

मी बरी आहे. दादा सांगतो त्यावरून तूही बरी असावीस. माझा खोकला गेला. नव्या खोलीत सकाळी ऊन येतं, नळाला पाणी असतं, घरमालकीण कटकटी आहे पण मनाने चांगली. जेवणाचे हाल नाहीत. तू हेच आधी विचारशील म्हणून सांगून टाकलं.

फोन न करता पत्र का, असं वाटेल. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्रात तुला मध्ये बोलता येत नाही, एवढाच माझा स्वार्थ.

आता नोकरीबद्दल. त्या विषयाचा तुला राग आहे, तरी लिहिते. "लोकांच्या गळ्यात नको ते मारण्यासाठी शिकवलं का गं तुला?" असं तू दारात म्हणालीस, मी बॅग उचलली, आणि तेव्हापासून आपल्यामधले सगळे निरोप दादाच पोचवतो. मी नेमकं काय करते हे ना तू विचारलंस, ना मी सांगितलं.

आमचं दुकान ऑनलाइन आहे. लोक मोबाइलवर वस्तू बघतात, कार्टमध्ये टाकतात आणि न घेताच निघून जातात. त्यांना परत बोलावणारी वाक्यं मी लिहिते. "फक्त दोनच शिल्लक! त्वरा करा!" हे माझं. खूप चाललं. गोदाम गच्च भरलेलं असलं तरी दोनच शिल्लक.

पहिल्याच आठवड्यात मी मॅनेजरला विचारलं होतं, "सर, हे खोटं नाही का?"

"अगं, दुकानात गर्दी दिसली की माणूस आत शिरतो. आपण नुसती गर्दी दाखवतो."

"पण गर्दी नाहीये."

"म्हणून तर दाखवतो!"

सगळे हसले, मीही हसले. काम चांगलं करतेस असं कुणी म्हटलं की मला पुढचं काही विचारवत नाही. तुला माहीतच आहे.

तुझ्याबरोबर बाजारात जायचे ते दिवस आठवतात. माझ्या दम्यामुळे तू मला शाळेत न घालता घरीच, शिलाई मशीनशेजारी बसवून शिकवत होतीस. दुपारी धडा संपला की आपण बाजारात जायचो. आवडलेली वस्तू तू कधी त्याच दिवशी घेतली नाहीस. "हे जरा बाजूला ठेवा, उद्या सांगते." आणि दुसऱ्या दिवशी घ्यायची नसली, तरी सांगायला जायचीसच. मी पाय ओढत चालायचे. "नको आहे तर कशाला जायचं?" तू म्हणायचीस, "तो बिचारा आपल्यासाठी वस्तू अडवून बसलाय ना."

गेल्या महिन्यात आमच्या त्या संदेशाला एका ग्राहकाचं उत्तर आलं. एरवी उत्तरांत शिव्याच असतात. यात लिहिलं होतं: "घडीचा पलंग मी बाजूला ठेवलाय, पण अजून ठरत नाही. रोज उघडून बघते, विसरले नाही. दोनच उरले असतील तर माझ्यासाठी अडवू नका. दुसऱ्या गरजूला द्या. खोळंबा झाला, माफ करा."

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने ते मोठ्याने वाचलं. "या बाईंना वाटतंय, दुकानदार पलंग धरून उभा आहे!" सगळं ऑफिस हसलं. मी मात्र तो संदेश माझ्या स्क्रीनवर उघडून शेवटपर्यंत वाचला.

नाव, पत्ता मला एका बोटाने उघडता आला असता. उघडला नाही. तो ग्राहकाचा असतो, आपण डोकावायचं नाही. संदेशाच्या शेवटी आणखी एक ओळ होती. ती जरा थांबून सांगते.

मी तडक मॅनेजरकडे गेले. म्हटलं, "मला हे वाक्य काढायचंय."

"चालणारं वाक्य? डोकं फिरलंय का?"

"त्याऐवजी दुसरं देते. 'तुमची वस्तू बाजूला ठेवली आहे. सावकाश ठरवा. नको असेल तर तसंही सांगा.' आणि खरंच आठवडाभर ठेवायची."

"नको असेल तर सांगा? हे दुकान आहे की धर्मशाळा?" मग त्याने स्क्रीनवर विभागांची यादी उघडली. "फर्निचरपुरतं करून बघ. आपटलं तर मला तुझ्या जागी दुसरं कुणी बघावं लागेल."

आई, ते दिवस मी कसे काढले ते विचारू नकोस. विक्री खरंच मंदावली. मी मनातल्या मनात बॅगही भरली होती. पण मग घेतलेल्या वस्तू परत येणं कमी होत गेलं. आमच्याकडे लोक घाईत मागवतात आणि पश्चात्ताप झाला की परत पाठवतात. आता विचार करून घेतलेलं घरात राहू लागलं. परवा मॅनेजर म्हणाला, "परत येत नाही, म्हणजे तेच खरं विकलं." आता कपड्यांच्या विभागातही ते वाक्य लावतोय. स्वतःला सुचल्यासारखं सांगत फिरतो. फिरू दे.

आता ती शेवटची ओळ. "मशीन आणि खिडकी यांच्यामध्ये मावेल का? रोज लागणार नाही. मुलगी कधी आलीच, तर तिला झोपायला हवा."

दुकानातर्फे मी एवढंच उत्तर पाठवलं, की आपल्यामुळे कुणी अडलेलं नाही. त्याहून जास्त दुकानाच्या नावाने लिहिणं बरोबर नव्हतं. ती ग्राहक दुसरीच कुणी असेल, तर या पत्राला हस आणि दादाला वाचून दाखव. पण तूच असशील तर माझ्या नावाने सांगते: मावेल. खिडकीकडे डोकं केलं तर मशीनचं पायडलही मोकळं राहील. मी काही तेव्हापासून उंच झालेली नाही.

नाही घेतलास तरी चालेल. पुढच्या शनिवारी मी येते आहे. जमिनीवर झोपेन.

सोमवार, सकाळ

हे काल लिहिलं आणि तुझ्या नियमाप्रमाणे बाजूला ठेवलं. आज पुन्हा वाचलं. एकही शब्द परत घ्यावासा वाटत नाही, म्हणून पाकीट चिकटवते आहे.

रात्रभर थांबूनही तेच म्हणणारी,
तुझी मुलगी