रजेचा अर्ज

२ मे

चि. बडबडीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्राची सुरुवात ‘इकडे सर्व क्षेम’ अशी करायची असते, पण आज पेन तिथेच अडलं, म्हणून ते सोडून पुढचं लिहिते. फोनवर निम्मा वेळ माझ्या रडण्यात गेला आणि निम्मा खरखरीत, तेव्हा तुला धड काही कळलं नसेल.

बाबांचा झटका तसा सौम्यच म्हणायचा. हातपाय चालतात, जेवतात, आंघोळीला कुणी लागत नाही. फक्त तीन आठवडे तोंडातून शब्द नव्हता. गेल्या सोमवारी ते बोलले. मी मामाला हाका मारमारून बोलावलं, दोघं समोर बसलो आणि काय सांगू, एक अक्षर कळेना! मामा म्हणाला, जीभ जड झालीय. मी म्हटलं, जड कसली, चांगले घडाघडा बोलतायत. डॉक्टरांकडे नेलं, तर त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, यांना आणखी कुठली भाषा येते का. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बावीस वर्षं त्या परक्या मुलखात इस्पितळाच्या चादरींना इस्त्री करत काढली, ती अरबी तेवढी डोक्यात राहिली आणि आपली भाषा पुसली गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. परत येईल का विचारलं, तर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, हे मात्र चष्मा न पुसता सांगितलं.

तू लहानपणी एक तरी अरबी शब्द शिकवा म्हणून त्यांच्या मागे लागायचीस आणि ते म्हणायचे, ती भाषा घरात आणायची नसते. मग तू इरेला पेटून आधी दोन परक्या भाषा शिकलीस आणि तिसरी, तीच अरबी, शिकायला परदेशी गेलीस. आता पोरगी तीन भाषांत उलट उत्तरं देणार, असं ते सगळ्यांना सांगत सुटले होते. बघ, त्या शिक्षणाचा उपयोग करायची वेळ आली. ते जे सारखं म्हणतात ते कानाला आलं तसं लिहिते: ‘मुदीर, शुगुल खलास. इजाजा. अना रूह बैत.’ रोज हेच. घरातले सगळे टॉवेल, चादरी, अगदी हातपुसणीसुद्धा चौपदरी घडी घालून माझ्यापुढे ठेवतात आणि हे म्हणतात. अर्थ लगेच कळव. मला त्यांना उत्तर द्यायचंय.

जप स्वतःला. पत्राला उशीर करून लोभात खोट आणू नकोस.

तुझी,
आई


१५ मे

ती. आईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र तेरा दिवसांनी आज हातात पडलं. मी वसतिगृहाच्या जिन्यातच बसून वाचलं. वर जायला धीर झाला नाही.

आई, बाबा चांगलं बोलतायत. ‘काम संपलं, आता मी घरी आलोय,’ असा त्याचा अर्थ. आणि ‘मुदीर’ म्हणजे मालक. तुला म्हणतायत म्हणजे मालकीणच की! एवढी वर्षं नुसतं ‘अगं’वर भागवलं, आता भरपाई करतायत. तू उत्तराला ‘जेन’ म्हण. म्हणजे छान, बरं.

मी निघायची खटपट करतेय, पण माझा पासपोर्ट इथल्या परवान्याच्या कचेरीत अडकलाय. मुदत वाढवायला दिला तो तिथेच आहे. तो मिळाल्याशिवाय मला हद्दीबाहेर पाऊल टाकता येत नाही. खिडकीवरचा कारकून माझी पुस्तकी अरबी ऐकून खूश होतो, शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून माझ्याकडून पुन्हा वदवून घेतो आणि पुढच्या आठवड्यात या म्हणतो. मी बाबांच्या आजाराचं सांगितलं, तर त्याने माझा एक उच्चार सुधारून दिला. मला रडू आवरेना. तर त्याने पाण्याचा पेला पुढे केला आणि पुढच्या आठवड्यात या म्हणाला.

मामाला नमस्कार. तुझ्या मालकीणपणात आम्हा गरिबांचा विसर नसावा.

तुझी,
बडबडी


२८ मे

चि. बडबडीस,

आशीर्वाद. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा मोठ्याने, बाबांच्या समोर. त्यांना काही कळलं नाही, पण मला बरं वाटलं. मालकीण! मामाला सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, भाषा गेल्यावर माणूस खरं बोलायला लागला.

मी ‘जेन’ म्हणते. म्हटलं की त्यांचा चेहरा क्षणभर उजळतो, ते वाट बघत उभे राहतात आणि मग आणखी काहीतरी व्हायला हवं होतं असा चेहरा करून परत चादरी घ्यायला जातात. मी त्या घड्या दुपारी मोडून ठेवते, कारण घडी घालायला काही उरलं नाही की कासावीस होतात. आताशा त्यात एक वाढलंय, ‘हुर्मा वाहिद’. हे म्हणताना डोळ्यांत पाणी येतं. माझ्यासमोर बसत मात्र नाहीत. हाताला धरून बसवलं तरी मी वळले की उठून उभे. परवा तुझा फोन आला तेव्हा रिसीव्हर कानाला लावला, तर ताठ उभे राहून नुसते मान हलवत होते.

बडबडी, मला एक विचारायचंय. मालकीण म्हणताना कुणाचा गळा असा दाटून येतो का गं? तू शिकलेली आहेस, मी नाही. पण माणूस लाडात आलाय की विनवण्या करतोय, एवढं कळायला अरबी लागत नाही. तू काहीतरी गाळलंस. माझ्या काळजीपोटी गाळलं असशील तर ते आता भरून पाठव.

रागावलेले नाही. माया आहे तेवढीच आहे.

तुझी,
आई


११ जून

ती. आईस,

साष्टांग नमस्कार, आणि तो घालून झाल्यावर डोकं वर काढवत नाही म्हणून तसंच लिहिते.

मी खोटं लिहिलं. ‘मुदीर’ म्हणजे लाँड्रीतला साहेब. ‘इजाजा’ म्हणजे रजा. बाबा म्हणतात, ‘साहेब, काम संपलं. रजा द्या. मी घरी जातो.’ आणि ‘हुर्मा वाहिद’ म्हणजे, बायको एकटी आहे. तू त्यांना साहेब वाटतेस, आई. ते तुझ्याकडेच तुझ्याकडे यायची रजा मागतायत.

घड्यांचं मला कळलं नव्हतं. आमच्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ही काही अरबी नव्हे, मजुरांची मोडकीतोडकी बोली आहे, हिच्या नादी लागून स्वतःची भाषा बिघडवून घेऊ नकोस. मग वसतिगृहाखालच्या लाँड्रीवाल्याला तुझं पत्र वाचून दाखवलं. तोही बाबांसारखा आपल्याकडूनच आलेला. त्याने ऐकता ऐकता इस्त्री उभी करून ठेवली. म्हणाला, रिकाम्या हाताने रजा मागितली की साहेब ओरडतो, म्हणून दिवसाचा सगळा ढीग आधी त्याच्यापुढे नेऊन ठेवायचा आणि मग तोंड उघडायचं. त्याने स्वतः पाच वर्षं असंच मागितलं आणि एकदा मिळाली. माझ्याकडून धुलाईचे पैसे घेतले नाहीत. मला नको तेवढं ओशाळल्यासारखं झालं.

बावीस वर्षं दर दोन वर्षांनी ते यायचे आणि आपण विचारायचो, या वेळी किती दिवस. मी तर एकदा रुसून बसले होते, इतक्या उशिरा का आलात म्हणून. आई, मला माफ कर. पासपोर्ट अजून नाही.

तुझी,
बडबडी


२४ जून

चि. बडबडीस,

आशीर्वाद. माफी वगैरे राहू दे. तुला शाळेतही धड खोटं बोलता आलं नाही, परक्या देशात जाऊन कुठलं येणार!

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. थोड्या वेळाने ते आले, हातात घड्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला त्या साहेबाचा असा संताप आला की ती टॉवेलांची चवड मी भिंतीवर फेकली. हे इतके घाबरले! गोळा करून पुन्हा घालायला बसले, आधीपेक्षा नीट. माझ्या हातून हे झालं, कुणाला सांगू? तुला सांगते.

मामा म्हणतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नकोस. डॉक्टर म्हणतात, त्यांना आनंदात ठेवा. मग मी ठरवलं. साहेब मीच असेन, तर रजा माझ्याच हातात आहे. रजा मंजूर, घरी जा, हे कसं म्हणायचं ते लिही. आणि घर आलं, हे कसं म्हणायचं तेही. पुस्तकातलं नको, त्यांना कळेल असं. त्या लाँड्रीवाल्याला विचार आणि त्याला माझा नमस्कार सांग.

तुझी,
आई


६ जुलै

ती. आईस,

सा. न. वि. वि. थोडक्यात लिहिते, टपाल निघतंय. ‘इजाजा जेन. इन्ता रूह बैत.’ रजा मंजूर, तू घरी जा. मग, ‘हादा बैत.’ हे घर. साहेब असल्यासारखं म्हण, लाडाने म्हणू नकोस. लाडाने म्हटलं तर त्यांना खरं वाटणार नाही, असं लाँड्रीवाला म्हणतो. नमस्कार पोचवला. तो तुला ‘ताई’ म्हणाला.

तुझी,
बडबडी


२० जुलै

चि. बडबडीस,

आशीर्वाद. रजा दिली.

सकाळी घड्या घेऊन आले. मी कंबर ताठ करून, तू लिहिलंस तसं कोरड्या आवाजात म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं. मग माझा हात स्वतःच्या कपाळाला लावला. लग्नापासून इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आत जाऊन बॅग काढली, तुझी जुनी शाळेची, तिच्यात दोन शर्ट आणि साबण घातला, भांग पाडला, बूट घातले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. गाडीची वाट बघत.

मी म्हटलं, ‘हादा बैत.’ हे घर. त्यांनी दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि साहेबाने चेष्टा केल्यावर हसतात तसे हसले. मी भिंतीवर हात आपटून पुन्हा पुन्हा म्हटलं. ते मान हलवत राहिले. आज पाच दिवस झाले, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पायरीवर असतात. थकत चाललेत. मी बळ करून आत आणते, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बूट. मी हे काय करून ठेवलं? मागायचे तेव्हा निदान घरात तरी होते.

काल मी शेजारी जाऊन बसले. मग ते आपणहून बोलायला लागले, हळू, जुन्या माणसाशी बोलावं तसं. त्यात त्यांनी माझं नाव घेतलं. कित्येक महिन्यांनी घेतलं, पण माझ्याकडे बघून नाही, रस्त्याकडे बघून. मी आत पळत जाऊन पेन आणलं आणि त्यांनी पुन्हा सांगितलं ते सगळं वेगळ्या कागदावर उतरवलंय, सोबत जोडते. माझ्याबद्दल काय म्हणाले ते लिही. आणि या खेपेला जे असेल तेच लिही.

तुझी,
आई


२ ऑगस्ट

ती. आईस,

सा. न. वि. वि. पासपोर्ट नाही. कारकून बदलला, नवा म्हणतो, अर्ज पहिल्यापासून.

तुझा कागद मी आणि लाँड्रीवाल्याने मिळून वाचला. तू सांगितलंस म्हणून जसंच्या तसं लिहिते, माझा एकही शब्द नाही:

‘साहेब चांगला. साहेबाने रजा दिली. मी घरी जातो. घरी बायको. (इथे तुझं नाव आहे.) बायको एकटी, मुलगी लहान. बायको पत्र लिहिते, तब्येत कशी. मी पत्र लिहितो, छान. काम खुर्चीवर बसून, पंखा आहे. साहेब, खुर्ची नाही. सगळा दिवस उभा. वाफ. पाय खलास. पत्र लिहितो तेव्हा रडतो, पण पत्रात छान लिहितो. साहेब, कधी बायको भेटली तर हे सांगू नको. तिला वाईट वाटेल.’

एवढंच आहे, आई. कागदाच्या दुसऱ्या बाजूला काही नाही, मी उलटून पाहिलं.

मी तिथे असते तर काय केलं असतं कोण जाणे. बहुतेक तुझ्यासारखीच पायरीवर बसले असते. गाडी येत नाही म्हणून त्यांना रडू आलं तर जवळ घे, साहेब वाटलीस तरी घे. आणि त्यांनी परत विचारलं, माझ्या बायकोला सांगितलं का, तर ‘ला’ म्हण. ‘ला’ म्हणजे नाही.

तुझी,
बडबडी