लेपातलं लोखंड

३ मार्च
कारखान्यातल्या नव्या नोकरीसाठी पोचले एकदाची ओकचॉनला! बसथांब्यावर मावशी स्वतः घ्यायला आल्या होत्या, कागदात गुंडाळलेलं गरमागरम भाजकं रताळं घेऊन. माझ्या घरमालकीणबाई त्या, आडनाव फ्यो, पण कारखान्यातले लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणतात. खोली तळमजल्यावर, मागच्या बाजूला. जमीन छान ऊबदार. खिडकीला चोरांसाठी लोखंडी गज आहेत, पण त्यातून पर्सिमनचं फळझाड दिसतं. आईला फोन केला, की तुझ्या उन-सोलची काळजी सोड, इथे जेवायला घालणारं माणूस भेटलंय.

४ मार्च
पहिला दिवस. आमचे लाइनप्रमुख ताक साहेब गमत्ये आहेत. लिथियम बॅटरीच्या दोन बाजू एकमेकींना लागू नयेत म्हणून मधे जो पातळ पडदा असतो, तो आम्ही बनवतो आणि त्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा लेप चढवतो, म्हणजे तापला तरी तो आकसत नाही. ताक साहेब म्हणाले, "हा पडदा म्हणजे दोन भांडखोर जावांमधली भिंत समज, पोरी. भोक पडलं की घर पेटलंच."
माझं काम लेप गाळण्याचं. लेप पडद्यावर जाण्याआधी एका टाकीतून जातो. टाकीत चुंबकाच्या कांड्या असतात. लोखंडाचा कण असला तर त्यांना चिकटतो. चुकून एखादा पुढे गेलाच, तर पुढे कुणाच्या तरी घरात आग. कांड्या मी पुसायच्या. टाकीचं झाकण काढलं, की लेप उघडाच असतो.
माझ्या समोर ओक-रान ताई लेप कालवतात. मी वाकून नमस्कार केला, तर त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. असो.

६ मार्च
कारखान्याच्या डगल्याच्या टोपडीने डोक्याला नुसती खाज सुटते. संध्याकाळी मावशींनी आतून घालायला पातळ सुती टोपी दिली, हाताने शिवलेली. लाइनवर सगळ्यांकडे त्यांच्याच टोप्या आहेत. खरं तर नियमाने घरचं कापड आत नेता येत नाही. पण ताक साहेब स्वतःच ती घालतात, मग बोलणार कोण? दर दोन-तीन दिवसांनी मावशी सगळ्या टोप्या धुऊन, इस्त्री करून परत देतात.
एकट्या ओक-रान ताई घालत नाहीत.

१३ मार्च
कांड्या पुसल्या तर फडक्यावर करडी रेघ उमटली. बारीक, केसासारखी. ताक साहेबांचं हसू मावळलं. म्हणाले, की माझ्या आधीच्या मुलीच्या वेळीही असंच सुरू झालं होतं. तिला काढावं लागलं.
घरी मावशींना सांगितलं. त्या परसात खुरप्यांना धार लावत होत्या. त्यांच्या मिस्टरांचं विजेवर चालणारं सहाणेचं चाक आहे, दुपारी मावशींचं तेच काम असतं. म्हणाल्या, की ती आधीची मुलगीही याच खोलीत राहायची. गरीब होती बिचारी.

१७ मार्च
रेघ रोज. पावडरची पोती तपासली, पाइप उघडले, कुठे काही नाही. मग हे बाहेरून कुणीतरी आत आणतंय.
ओक-रान ताई सारख्या टाकीशी घुटमळतात. मी पाहिलं की दूर होतात.

१९ मार्च
आज रंगेहाथ पकडलं. जेवणाच्या सुट्टीत लवकर परतले, तर ओक-रान बाई माझ्या खुंटीशी! माझी टोपी हातात, बोटांनी चाचपत होत्या. मी तडक ताक साहेबांकडे गेले. दुपारी ताईंची बदली पॅकिंगला झाली.
जाताना माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "कुणाच्या हातचं खातेस, ते जरा बघ."
धमकी? मावशींना सांगितलं. त्यांनी मला सोयाबीनच्या मोडांचं सूप दोनदा वाढलं आणि म्हणाल्या, की बरं केलंस.

२४ मार्च
ओक-रान ताई पाच दिवस लाइनवर नाहीत. आजची रेघ आजवरची सगळ्यात जाड.
गिऱ्हाइकाकडे चाचणीत एक बॅटरी पेटली. आमच्याच पडद्याची. जेवताना माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. ताक साहेब माझ्या हातांकडे बघत होते.
मी काही केलेलं नाही. रात्री अंथरुणात तळवे पुन्हा पुन्हा पाहते. काहीच नाही.

२६ मार्च, सकाळी
कांड्या पुसताना डोकं खाजलं म्हणून टोपी काढली, कांडीवर वाकले — कांडीवर केसांसारखे काटे उभे राहिले. करडे. टोपी जवळ नेली, तर कापडच कांडीकडे ओढलं गेलं.
न्हाणीघरात जाऊन शिवण उसवली. आत लोखंडाची भुकटी. पिठासारखी. शिवणीतून झिरपेल अशी, बेतानं भरलेली.
सगळ्यांच्या डोक्यावर त्या टोप्या —
सहाणेचं चाक —

२६ मार्च, दुपारी
ओक-रान ताईंना गाठलं. आधी पाया पडून माफी मागितली. त्या म्हणाल्या, "तुझा राग नाही गं. मला नुसता संशय होता. ताकला बोलले तर तो हसला."
मग त्यांनी सगळं सांगितलं. मावशींचा मुलगा ग्यु-चान माझ्याच जागी होता, आधीच्या मुलीच्याही आधी. एका घरात स्कूटरची बॅटरी पेटली, तिथली आई आणि बाळ गेलं. कंपनीने ठरवलं, की त्याने कांड्या नीट पुसल्या नाहीत. खरं तर कांड्याच जुन्या झाल्या होत्या, त्यांना ओढच उरली नव्हती. सगळ्या लाइनला ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. ओक-रान ताईही नाही. ग्यु-चानने गुम नदीत उडी घेतली. नव्या कांड्या नंतर आल्या.
ताई म्हणाल्या, सामान आवर, मी गाडी घेऊन येते, दोघी मिळून पोलिसांत जाऊ. टोपी त्यांच्याकडे दिली आहे.

घरी आले. मावशी परसात दिसल्या नाहीत. सवयीने फोन जेवणघरात चार्जिंगला लावला आणि खोलीत शिरले. मूर्ख मी.
बॅग भरत होते. मावशी दारात. विचारलं, टोपी कुठंय, शिवण उसवली असेल, आण, शिवून देते.
मी बॅगेची चेन लावली.
त्या हसल्या. म्हणाल्या, "ग्यु-चान म्हणायचा, आई, नीट बघितलं की दिसतंच. मग तुम्हा इतक्या जणांना कसं गं नाही दिसलं?"
मावशींनी बाहेरून दार ओढून घेतलं. बाहेर काहीतरी जड सरकल्याचा आवाज.

दार उघडत नाही. फटीतून दिसतंय — शेजाऱ्यांची विजेवरची स्कूटर, दाराला टेकवलेली. चार्जिंगची वायर लावलेली. बॅटरीवरचं झाकण काढून ठेवलंय. मावशी शेजारी पाटावर बसल्यात, हातात खुरपं.

हॉर्न! ओक-रान ताई. खिडकीशी जाऊन ओरडले. परसात सहाणेचं चाक सुरू झालं, माझा आवाज मलाच ऐकू येईना. चाक बंद केलं तरी ते बराच वेळ फिरत राहतं, तेवढ्यात मावशी फाटकाशी गेल्या असाव्यात. चाक थांबलं तेव्हा त्यांचं बोलणं ऐकू आलं — उन-सोल केव्हाच बसने गेली, रडत होती बिचारी, जा तू —
मी किंचाळले. गाडी निघून गेली. ऐकलं का तिने? ऐकलं असेल —

दारापलीकडे काहीतरी टोचल्याचा आवाज. पुन्हा. मग फुसफुस.
मी ओरडून सांगितलं, मावशी, मी तेव्हा इथे नव्हतेच, मला काहीच ठाऊक नव्हतं.
त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, की आधीचीही हेच म्हणाली होती.
आधीची. तिला तर काढलं होतं — ती घरी गेली ना? गेलीच असेल —

गोडसर वास येतोय. पांघरूण ओलं करून दाराशी — पाणी तांब्याभरच — गज हलत नाहीत. बाहेर गाडी वळल्यासारखी — ओक-रान ता