तीन, एक, चार

मंगळवार, ३ फेब्रुवारी
सी भाषेतले मुलांचे प्रोग्रॅम तपासले. रांगा-रकान्यांत नावं भरायची – पण जागा आधी ठरवायची नाही, प्रोग्रॅम चालताना कॉम्प्युटरकडून मागून घ्यायची. रांगेला लागतील तेवढीच घरं. चाळिसांत दोघांचंच बरोबर आलं. वैष्णवी आणि जोतिराम. आणि दोन्ही ओळ न् ओळ सारखे! फरक फक्त नावांचा. तिच्यात बाकांप्रमाणे वर्गातल्या मुली, त्याच्यात मेंढ्यांची नावं.

मेंढ्या! हसूच आलं.

कुणी कुणाचा उतरवला, हे काय विचारायचं? वैष्णवी माझ्या ताईची मुलगी, दोन वर्षं माझ्याकडेच राहते, अभ्यास माझ्या डोळ्यांसमोर. तो मंगळवेढ्याहून एसटीने येतो, रोज उशिरा. त्याला शून्य दिलं. आता त्याला परीक्षेला बसता येणार नाही. नियम म्हणजे नियम.

बुधवार, ४ फेब्रुवारी
जोतिराम आला. भांडला नाही. "मॅडम, त्या आमच्याच मेंढ्या हायत की. येका रांगंत येकीच्या पोरी. मोरी मेंढीला तीन, कानीला येक, बांडीला चार."

मी म्हटलं, मेंढ्या राहू देत, प्रोग्रॅमचं बोल. "व्हय मॅडम," म्हणून गेला.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
शून्याची यादी अजून प्राचार्यांकडे दिली नाही. उगाच.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी
दुपारी वैष्णवीचा प्रोग्रॅम पुन्हा वाचला. पहिल्या रांगेला तीन घरं, दुसरीला एक, तिसरीला चार. आमच्या वर्गात एका बाकावर तिघी बसतात – सगळ्या बाकांवर! हे तीन, एक, चार आलं कुठून?

नावं बदलली, घरं मेंढ्यांचीच राहिली.

फार लाज वाटली. त्या पोराकडे मी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

घरी वैष्णवीला विचारलं. "मावशी, नुसता बघितला होता गं." कुठे बघितलास? ती उठून आत गेली. जेवलीही नाही.

त्याचं शून्य खोडलं. तिच्या नावापुढे अजून काही लिहिलेलं नाही. ताईला काय सांगू?

शनिवार, ७ फेब्रुवारी
जोतिरामचा मेल सापडला. गेल्या रविवारचा. मी उघडलाच नव्हता. पण त्याला जोडलेला प्रोग्रॅम माझ्या लॅपटॉपवर डाउनलोड केलेला आहे – रविवारी दुपारी, मी झोपले होते तेव्हा. पासवर्ड मीच दिलाय वैष्णवीला.

मेलमध्ये दोनच ओळी. "मॅडम, बरोबर आहे का बघाल का? तुमच्याशिवाय कुणालाच दाखवलेला नाही."