मानेवरची खूण

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. पण फोन पुढच्या खोलीत, आणि त्या खोलीत सदैव कोणीतरी बसलेलं. मला लिहायचं आहे ते त्या कोणीतरीबद्दलच.

आधी खुशाली. आम्ही सगळे ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण संध्याकाळी कळप चरून आला की गोठ्याच्या दाराशी उभं राहून मेंढ्या आपापल्या कप्प्यात लावायचं काम ते कोणाला देत नाहीत. फक्त माझ्या सुटीच्या दिवशी मी त्यांना बळेच खुर्चीवर बसवतो आणि दार धरतो. गेल्या आठवड्यात जनावरांचे डॉक्टर मशीन घेऊन आले आणि सगळ्या मेंढ्यांची पोटं तपासून गेले. यंदा जुळी बरीच आहेत. आई गेल्यानंतरचा हा पहिलाच हंगाम, म्हणून खुणा मी केल्या. पोटात जुळं असेल तिच्या पाठीवर हिरवा ठिपका, एकच असेल तिच्या पाठीवर तांबडा. बाबा म्हणाले, आईसारखं कर. जुळंवालीच्या मानेवर आणि एकवालीच्या शेपटीजवळ, काळा रंग पुरे. मला हसू आलं. दोन रंगांचे डबे हाताशी असताना मान आणि शेपटी कोण शोधत बसणार!

तुला हे सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. जुळंवालीच्या पोटात जागाच उरत नाही, गवत कितीही घाला, तिला ते जात नाही. म्हणून हिरव्या ठिपक्याच्या आतल्या कप्प्यात, त्यांना पाल्याचं मऊ गवत आणि वर भरडा-पेंड. तांबड्या बाहेरच्या कप्प्यात, त्यांना साधं गवत. एकवालीला भरडा चारला की पिल्लू अंगाने वाढतं आणि विताना अडतं.

तर झालं असं, की परवा मी लोकरीत हात घालून एकेकीची पाठ चाचपली. वरून सगळ्याच गुबगुबीत दिसतात, पण काळतोंडीचा कणा बोटांना टोचला. तिला जुळं आहे. भरडा तर रोज संपतो आहे. मग जातो कुठे?

तुझ्या वहिनीचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मेहुणेबुवा, कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून इथेच आहेत हे तुला माहीत आहेच. पहाटेचा चारा तेच घालतात. आणखी काही लिहीत नाही. उत्तर माझ्या डेअरीच्या पत्त्यावर धाड, घरच्या नको.

भावोजींना नमस्कार. भाच्याच्या निकालाचं काय झालं ते सविस्तर कळव. माझ्यावरची माया आहे तेवढी असू दे.

तुझा
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं. नोकरीला लागून इतकी वर्षं झाली तरी तू चोरून पत्रं पाठवणारा शाळकरी पोरगाच राहिलास. डेअरीच्या पत्त्यावर म्हणे! तिथे दुधाचे नमुने तपासता तपासता तुला घरातही भेसळ दिसायला लागली का?

पण गंमत बाजूला. मेहुण्याच्या स्वतःच्या चार मेंढ्या आपल्या कळपात आहेत ना? वहिनीच्या माहेरून आलेल्या, त्यातली ती थोराड अंगाची, जिला आपण आत्या म्हणतो. त्यांना ठिपके कोणते आहेत आणि त्या सकाळी उभ्या कुठे असतात, एवढं बघ. मी कोणाचं नाव घेत नाही. वहिनीलाही काही विचारू नकोस. भावाचा विषय निघाला की ती कशी होते ते तुझ्या लग्नातच बघितलं आहे.

आता इकडची बातमी. तुझ्या भाच्याला रेल्वेने नाकारलं. इंजिन चालवायचं त्याचं लहानपणापासूनचं वेड तुला माहीत आहे. लेखी परीक्षेत तो वरच्यांमध्ये होता. शेवटी डोळ्यांची तपासणी झाली, त्यात अधिकाऱ्याने रंगीत टिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं, चार पानं उलटली आणि नापास म्हणून सांगितलं. पोराची नजर इतकी चांगली की समोरच्या इमारतीवरच्या पाटीचं अक्षर न् अक्षर वाचतो. मला यात काळंबेरं वाटतं. त्याच्या मागे रांगेत एका बड्या अधिकाऱ्याचा पुतण्या होता म्हणे. हे म्हणतात, उगाच संशय घेऊ नकोस. मी म्हटलं, आमच्या घराण्यात संशय घ्यायला दुसरं कोणी नाही, मी आणि माझा भाऊ दोघंच पुरेसे आहोत. बाहेरच्या डॉक्टरकडून पुन्हा तपासून घेणार आहे, आणि मग तक्रार करणार आहे.

पोरगा दिवसभर खिडकीशी बसून असतो. जेवायला हाक मारावी लागते.

बाबांना गुडघ्याला शेक द्यायला सांग. तुझा लोभ आहेच, तो पत्रांतूनही दिसू दे.

तुझी
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा नेम बरोबर बसला. मेहुण्याच्या चारही मेंढ्यांवर तांबडे ठिपके आहेत, आणि चारही आतल्या कप्प्यात भरडा खात उभ्या होत्या. आत्या तर गव्हाणीत तोंड खुपसून, कोणाला जवळ येऊ देत नव्हती. आणि आपली काळतोंडी, हिरव्या ठिपक्याची, बाहेर साधं गवत चघळत होती. तिच्यासारख्या आणखी कितीतरी.

मी मुद्दाम पाळत ठेवली. माझ्या सुटीच्या दिवशी सगळ्या जिथल्या तिथे. मी डेअरीत गेलो की दुसऱ्या सकाळी पुन्हा गोंधळ. म्हणजे माझी पाठ फिरायचीच वाट बघतात. बाबांना विचारलं, तर म्हणाले, मी दाराशी होतो, लावायच्या तशा लावल्या. बाबांचा हात या कामात इतकी वर्षं बसलेला, त्यामुळे तिकडे बघायचं कारणच नाही. ते आत लावतात आणि पहाटे कोणीतरी बदलतं. पहाटे गोठ्यात कोण असतं ते मी लिहिलंच आहे.

काल काळतोंडी कळपातून बाजूला झाली. भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, दात खात. तोंडाला पिकलेल्या फळासारखा गोड वास येत होता. डॉक्टर म्हणाले, पोटातली पिल्लं ओढून घेतात आणि आईच्या अंगात काही उरत नाही, तेव्हा असं होतं. औषध दिलं आहे, कोमट साखरपाणीही थोडं थोडं पाजतो. वाचेल की नाही, सांगता येत नाही. ती आईने बाटलीवर वाढवलेली मेंढी. ती गेली तर मी त्या माणसाला क्षमा करणार नाही.

मी मेहुण्याला सगळ्यांसमोर विचारलं. तो आधी लाल झाला, मग म्हणाला, मला हाकलायचंच असेल तर सरळ सांगा, मेंढ्यांच्या आड कशाला लपता. तुझ्या वहिनीने ताटं आपटली. तेव्हापासून ती माझ्याशी भिंतीला उद्देशून बोलते. चहा झाला आहे, हेही भिंतीलाच सांगते. येत्या रविवारी भाऊ जाणार असेल तर मीही त्याच्याबरोबर माहेरी जाईन, हेही भिंतीलाच कळवलं आहे. ऐन विण्याच्या तोंडावर घरात मी आणि बाबा दोघंच. तरी त्याला घालवायचा माझा निर्णय पक्का आहे.

नवल वाटलं ते बाबांचं. मेहुणा रविवारी जाईल असं मी म्हणालो आणि ते अर्ध्या ताटावरून उठले. म्हणाले, सगळ्यांचं विणं होईपर्यंत कोणालाच घालवू नकोस; घालवायचंच असेल तर मला गोठ्यातून घालव. म्हातारपणी मन हळवं होतं हे खरं, पण मला वाटतं या पोराने बाबांनाही गुंडाळलं आहे. दोघं संध्याकाळी एकाच बाकावर बसतात आणि मी आलो की गप्प होतात.

भाच्याला माझे आशीर्वाद. तक्रार जरूर कर. लोभ असू दे, आणि उत्तर लवकर.

तुझा
धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. खुशालीचं राहू दे, आधी हे वाच.

मेहुण्याला कुठेही जाऊ देऊ नकोस. हे पत्र रविवारच्या आत तुला मिळावं म्हणून जलद टपालाने धाडते आहे. फोन का नाही केला ते शेवटी तुझ्या लक्षात येईल.

काल पोराला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. मी भांडायच्या तयारीतच गेले होते. बाईंनी तेच टिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि मला विचारलं, यात काय दिसतं. मला आकडा स्वच्छ दिसला. पोराला विचारलं. तो म्हणाला, नुसते टिपके. मला वाटलं, हा रुसून असं बोलतो आहे. मग बाईंनी त्याला लोकरीच्या लड्या रंगांप्रमाणे वेगळ्या करायला दिल्या. त्याने तांबड्यात हिरव्या टाकल्या आणि हिरव्यात तांबड्या, अगदी मन लावून. धाकट्या, वशिला नव्हता, पुतण्या नव्हता, काही नव्हतं. त्याला हे दोन रंग वेगळे दिसतच नाहीत आणि इतक्या वर्षांत मला ते कळलं नाही.

पुढे बाईंनी विचारलं, तुमच्या वडिलांना असं काही आहे का. हे आजोबांकडून येतं म्हणे, मुलीच्या हातून तिच्या मुलाकडे. मुलीला स्वतःला सगळं नीट दिसतं. मी तोंडाने नाही म्हणाले आणि परतीच्या वाटेवर मला आपला टोमॅटोचा वाफा आठवला. बाबांनी एकदा पाटी भरून हिरवे टोमॅटो तोडून आणले होते. आई हसून म्हणाली होती, यांना भारी घाई. त्यानंतर तोडणीला आईने कायम आपल्या दोघांनाच पाठवलं. बाबांचे कपडेही तीच काढून ठेवायची. आणि कळप यायच्या वेळी हातातलं काम टाकून कुंपणाशी उभी राहायची. मला वाटायचं, तिला मेंढ्यांचं वेड.

आता तुझी पत्रं पुन्हा वाच. तुझ्या सुटीच्या दिवशी दार कोण धरतं? बाकीच्या दिवशी कोण? पहाटे कोणी काही बदलत नाही. मेंढ्या संध्याकाळीच चुकीच्या कप्प्यात जातात. बाबांना ठिपका दिसतो, रंग दिसत नाही. मग ते पोटाच्या घेरावरून अंदाज करत असणार. आत्यासारखी थोराड आली की जुळंवाली समजून आत घालत असणार.

आईने मानेवर आणि शेपटीजवळ खुणा का केल्या, ते तुला आता सांगायला नको.

मलाही दोष आहे. त्या चार मेंढ्यांकडे बोट मीच दाखवलं.

एकच मागणं. बाबांना समोर बसवून विचारू नकोस. ज्याने हे आईशीही कधी उच्चारलं नसेल, त्याला मुलाच्या तोंडून ऐकवू नये. काहीतरी निमित्त काढ. हे पत्र घरी नेऊ नकोस.

तुझी
ताई

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मेहुणा निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मिळालं. डेअरीच्या मागच्या आवारात, रिकाम्या कॅनवर बसून दोनदा वाचलं. मग बाजारात जाऊन काळा रंग आणला.

घरी सांगितलं, दवात माझे रंग पसरले आहेत, मलाच ओळखू येईनात, म्हणून आईची पद्धत बरी. मेहुण्याने एकेक मेंढी धरली आणि मी खुणा केल्या. जुन्या ठिपक्यांवर चुना मारला. बाबा बाकावरून बघत होते. संध्याकाळी कळप आला तेव्हा ते दाराशी जाऊन उभे राहिले. ताई, त्यांना तसं काम करताना मी यंदा बघितलंच नव्हतं. दाराची फळी डावीकडे, उजवीकडे, कुठे थांबणं नाही, मेंढीच्या पोटाकडे बघणं नाही. गेले कित्येक दिवस दाराशी ते कसे अडखळत उभे राहत असतील, ते मला तेव्हा कळलं.

मेहुण्याला म्हटलं, चूक माझ्या ठिपक्यांची होती, तुमची नव्हती. कारण सांगता येईना, त्यामुळे माफी अर्धवटच झाली. तो म्हणाला, ठीक आहे, पण पुढच्या वर्षी आत्याला भरडा कमी पडला तर मी तुमच्या ठिपक्यांकडे बोट दाखवीन. तुझी वहिनी भिंतीशी बोलायचं थांबली आहे, पण तिला वेगळाच संशय आहे. डेअरीच्या पत्त्यावर मला कोणाची पत्रं येतात, असं तिने काल विचारलं. तिची समजूत तूच काढ.

काळतोंडी वाचली. परवा व्यायली. एक पिल्लू मेलेलंच आलं, दुसरं मुठीएवढं, पण मान धरतं आहे. मेहुणा त्याला कोटात घालून फिरतो आणि बाटलीने पाजतो. आत्या अडली. पिल्लू भरडा खाऊन दांडगं झालेलं, बाबा आणि मेहुणा दोघांनी मिळून सोडवलं. मेलेलं पिल्लू बाबांनी स्वतः पुरलं. मी खोरं मागितलं, तर दिलं नाही.

भाच्याला काय लिहू ते सुचत नाही. त्याच्यावर आणि माझ्यावर तुझी माया राहू दे.

तुझा
धाकटा

५ मार्च

चि. मुलीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, म्हणून घाबरू नकोस. सगळे बरे आहेत. तुझी पत्रं डेअरीत येतात हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. टपालवाला रोज माझ्या बाकावर पाणी प्यायला थांबतो. मी ती वाचली नाहीत. धाकट्याने काळा रंग आणला तेव्हाच तू काय लिहिलं असशील ते कळलं.

तुझी आई लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात ओळखून होती. तिनेही मला काही विचारलं नाही. एके दिवशी काळ्या रंगाचा डबा घेऊन आली आणि म्हणाली, आमच्याकडे खुणा अशाच करतात. पुढे तिच्या माहेरी चौकशी केली, तर तिथे मेंढ्याच नव्हत्या. मीही तिला काही बोललो नाही.

यंदा बोलायला हवं होतं. दुसऱ्याच्या पोरावर आळ आला आणि मी ताटावरून उठण्यापलीकडे काही केलं नाही. काल बाकावर बसून मेहुण्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, पुढच्या वर्षी दाराशी मी तुमच्याजवळ उभा राहतो.

नातू खिडकीशी बसून असतो असं धाकटा बोलता बोलता म्हणाला. त्याला वाटत असेल की आपल्यात काहीतरी कमी आहे. त्याला चार दिवस इकडे पाठव. पिल्लं येताहेत, हात कमी पडतात. दाराशी मी त्याला उभा करीन. त्याला सांग, इथे रंग ओळखावा लागत नाही. इथे खूण मानेवर असते.

तुझा
बाबा