परराष्ट्र खातं आणि मुळ्याच्या वड्या

२० एप्रिल, पहाटे ४.५०
आजपासून रोजनिशी. पुढे माझं चरित्र लिहायची वेळ आली, तर हाताशी असावी.
अठरा मेला तैपेईत विद्यापीठाची मुलाखत. परराष्ट्र व्यवहार विभाग. निवड झाली की हे ताइनान शहर, आईबाबांचं हे नाश्त्याचं दुकान आणि साडेचारचा गजर, तिघांनाही कायमचा रामराम.
संकल्प: रोज दोन तास तयारी. दुकानात फक्त शरीराने हजर, मनाने नाही.
आई हाक मारतेय. अंडी फोडायचीत. तीनशे.

२३ एप्रिल
तयारी झाली नाही. गिऱ्हाइकं फार.
आई प्रत्येकाला 'देखण्या' नाहीतर 'सुंदरी' म्हणते. सगळ्याच नाश्त्याच्या दुकानांत म्हणतात, पण काही मर्यादा? शू आजोबा ब्याऐंशीचे, पुढचे दात गायब, तरी "काय देखण्या, नेहमीचं ना?" मी पोटचा मुलगा, मला मात्र "ए भोपळ्या".
आईला स्पष्ट सांगितलं, मी असलं खोटं बोलणार नाही. म्हणाली, "बरोबर आहे बाबा. वकिलातीत सगळे खरंच बोलतात." आईला परराष्ट्र धोरण कळत नाही.

२९ एप्रिल
स्वतःपुरती सुधारणा केली. गिऱ्हाइकांना 'महोदय' आणि 'महोदया' म्हणू लागलो. चौघांनी विचारलं, दुकान विकलं का? शू आजोबांना वाटलं, सरकारी तपासणी आली. सोयामिल्क अर्धवट टाकून निघून गेले. लोकांना सवय व्हायला वेळ लागतो.
तयारी उद्यापासून नक्की.

५ मे
करार झाला. मी 'देखण्या-सुंदरी' म्हणायचं, बदल्यात आई मला पंधरा मिनिटं आधी शाळेला सोडणार. माझी पहिली यशस्वी वाटाघाट! पंधरा मिनिटांत मी काय मिळवलं हे आईच्या लक्षातही आलं नाही.
(झोपलो.)
आणि ते शब्द नुसते तोंडातून बाहेर पडतात. आत काही शिरत नाही.

११ मे
बसच्या ड्रायव्हरला 'देखण्या' म्हणालो. एकदाच. तो खूश होऊन स्टॉप नसतानाही माझ्यासाठी थांबला, म्हणजे नुकसान काहीच नाही.
धाकटी बहीण यी-चेन म्हणते, मी झोपेत "मिरी घालू का?" असं विचारतो. ती तेरा वर्षांची आहे आणि अत्यंत खोटारडी आहे.

१७ मे, दुपार
सागरी सीमा पाठ. व्यापार करार जवळजवळ पाठ. बाबांचा कोट इस्त्री करून ठेवला. यी-चेन म्हणते, त्याला तव्याचा वास येतो. मला तर येत नाही.
आई म्हणाली, उद्या दुकान बंद ठेवते, स्टेशनवर सोडायला येते. हे दुकान माझ्या जन्माच्या दिवशीसुद्धा बंद नव्हतं. मी नको म्हणालो. भावी राजदूताला आई सोडायला येते, हे बरं दिसत नाही. ती डब्यात मुळ्याच्या वड्या भरत राहिली.

१८ मे, परतीच्या रेल्वेत
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
दार उघडलं. टेबलामागे तीन प्राध्यापक. मधल्या बाई विभागप्रमुख, चेहऱ्यावरची रेषही हलणार नाही अशा. मी वाकून नमस्कार केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो,
"सुंदरी, इथे खाणार की पार्सल?"
बाई फाइलमधून मान वर न काढता म्हणाल्या, "पार्सल. तिखट नको."
मग आम्हा दोघांनाही एकदमच कळलं. उरलेले दोघे तोवर टेबलावर डोकं ठेवून हसत होते.
पुढे सागरी सीमांबद्दल विचारलं. एक अक्षर आठवेना. मग बाईंनीच विचारलं, मुळ्याची वडी आतून मऊ आणि बाहेरून कुरकुरीत कशी राहते? त्यावर मी आठ मिनिटं बोललो. तव्याची आच, पाणी किती सुटू द्यायचं, कधी उलटायची. कोणीही अडवलं नाही. वेळ संपली.
एकंदरीत मुलाखत उत्तम. संवाद जुळला.

६ जून
निकाल. नाव नाही. प्रतीक्षा यादीतही नाही. मला आलेल्या पत्राखाली विभागप्रमुखांनी स्वतः एक ओळ लिहिली होती: ताइनानला माहेर आहे, दुकानाचा पत्ता कळवा.
मला फार वाईट वाटलं. इथे लिहायला हरकत नाही. मागच्या खोलीत पिठाच्या पोत्यावर बसून रडलो. बाबा पीठ घ्यायला आले, मला पाहिलं, दार हळूच लोटून घेतलं. बाहेर त्यांनी सांगितलं, आज अंडापोळ्या संपल्या. सकाळचे सात वाजले होते.

७ जून, पहाटे ५.४०
गजर नसताना जाग आली. आपसूक तव्यापाशी जाऊन उभा राहिलो. आईने वर पाहिलं. कालपासून ती निकालाबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. आता एकदम मऊ आवाजात म्हणाली, "काय रे देखण्या, तोंड का उतरलंय? बस, गरम गरम देते."
अठरा वर्षांत पहिल्यांदा! माझे डोळेच भरून आले. म्हणालो, आई, मी ठीक आहे गं.
आई म्हणाली, "भोपळ्या, बाजूला हो. मागे शू आजोबा उभे आहेत."