छावणीतले सागरगोटे

॥ श्री ॥
नेपरव्हिल, २ जून

चि. सौ. पद्मिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सांगलीहून सुखरूप पोचले. गुडघे विमानातच राहिल्यासारखे वाटतात, बाकी ठीक. तुझ्या नातीसाठी मामाच्या परसातले सागरगोटे आणले होते, ते विमानतळावरच्या बाईने पर्समधून काढून घेतले. म्हणाली, बिया आहेत, इथे रुजतील. मी तिला सांगितलं की आम्ही जन्मभर हे फरशीवर आपटतोय, अजून एकालाही कोंब आलेला नाही. तिला हसू आलं, पण टाकायचे ते तिने टाकलेच. केयाला कबूल केलं होतं, म्हणून चुटपुट लागली.

हळद आणि काजळ मात्र सुटलं. हळद सुवर्णावहिनीच्या शेतातली, काजळ मी स्वतः तुपाच्या दिव्यावर धरलेलं. आजच पार्सल टाकते. चारुता सूनबाईला चालत नसेल तर केयाच्या डोळ्यांत घालू नकोस, कानामागे तीट लाव.

राजीवरावांचा मेटल डिटेक्टर काय म्हणतो? चांगली माणसं निवृत्त झाली की पत्ते खेळतात. नोकरीत तेल शोधलं, आता खिळे शोधतात म्हणावं.

फोन होतोच, पण पत्र लिहीत जा. फोनवर तू सगळं ठीक आहे एवढंच सांगतेस.

लोभ आहेच; टेक्ससच्या उन्हात तो वाळू देऊ नकोस.
तुझी,
देवयानीताई


शुगर लँड, १९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल मिळालं. डबा उघडल्यावर दोन दिवस घराला माहेरचा वास होता.

केया आली आहे, आता शाळा सुरू होईपर्यंत माझी. अनिश-चारुताला सुट्टी नाही, आणि तिकडे अर्विंगला तिला दिवसभर कुठल्या समर कॅम्पमध्ये ठेवण्यापेक्षा आजी बरी. सहा वर्षांत चारुता पहिल्यांदाच तिला एवढे दिवस सोडते आहे. गाडीत बसताना म्हणाली, आई, तुमच्या भरवशावर जातेय. मी हसून तिला लोटलं.

सागरगोटे गेले हे ऐकून केयाचा चेहरा एवढासा झाला. ते ह्यांना बघवेना. ब्राझोस नदीकाठी एका शेतकऱ्याचं रान आहे, तिथे फार वर्षांपूर्वी फौजेची छावणी पडली होती. त्याची परवानगी काढून हे ऊन चढायच्या आत जातात. मशीन कुंईकुंई करू लागलं की गुडघ्यांवर बसून खुरप्याने माती उकरतात. बटणं निघतात, बकलं निघतात, आणि बंदुकीच्या जुन्या वाटोळ्या गोळ्या. ह्यांचं म्हणणं, शिपाई शेकोटीपाशी त्या ओतत बसले असतील आणि हुकूम आल्यावर तशाच टाकून उठले असतील. त्यांतल्या पाच एकसारख्या गोळ्या ह्यांनी केयाच्या ओंजळीत घातल्या. वर पांढरी पूड होती, ती मी खोबरेलाने पुसली. ताई, आकार तोच, रंगही तोच राखाडी. फक्त हाताला जड.

आता रोज दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर. एकखई, दुखई, तिखई. पोरगी मराठी बोलायला लाजते, पण हे खणखणीत म्हणते. मला शाळेतल्या चॅपलच्या मागची आपली पायरी आठवते. हे आम्हाला हात धुवा म्हणून सांगतात, आठवलं की धुतो. सोबत ह्यांनी काढलेला फोटो पाठवते आहे.

तिथूनच मायेचा हात फिरव.
तुझी,
पद्मा


शुगर लँड, २१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केयाचं पोट दुखतं. जेवत नाही, पोट साफ होत नाही, आणि जरा काही बोललं की रडते. परवा शेजारची अमन खेळायला आली तर ही पलंगाखाली जाऊन बसली. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आईची आठवण येत असेल, पाणी जास्त पाजा. तुझी हळद घालून दूध देते आहे. दृष्टही काढली. खेळायला बसली की तेवढी शांत असते, म्हणून मी तिला बसवते.

चारुताला कळवू का? कळवलं तर ती येऊन तिला घेऊन जाईल.

तुझ्या लोभावर विसंबून विचारते आहे.
पद्मा


नेपरव्हिल, २६ जुलै

चि. सौ. पद्मिनीस,
अनेक आशीर्वाद.

बेंबीभोवती हिंगाचा लेप लाव, दुधात मनुका उकळून दे. आईवेगळं राहिलेलं मूल असंच करतं. अनिश माझ्याकडे राहिला होता तेव्हा त्याने आठ दिवस भाताला हात लावला नव्हता. चारुताला उगाच घाबरवू नकोस. थोडेच दिवस राहिले आहेत, तुझ्या वाट्याचे तुला मिळू देत.

लोभ तुझ्यावर आणि त्या रडूबाईवरही.
देवयानीताई


शुगर लँड, २४ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

केयाच्या रक्तात शिसं निघालं आहे. अर्विंगला परत गेल्यावर चारुताने सगळ्या तपासण्या करून घेतल्या, त्यात कळलं. आकडा इतका मोठा होता की त्याच दिवशी दवाखान्यात ठेवून घेतलं.

आरोग्य खात्याची बाई आमच्याकडे येऊन गेली. तिने भिंतींचा रंग खरवडला, नळाचं पाणी घेतलं, आणि मग भारतातून आलेलं सगळं मागितलं. हळद, कुंकू, काजळ पिशव्यांत भरून नेलं. चारुताने फोनवर विचारलं, हे कुठून आलं. मी सांगितलं, ताईने पाठवलं. खरं तेच सांगितलं, तरी तुझं नाव घेताना मला कसंतरी झालं. तिला सुवर्णावहिनींचा पत्ता हवा आहे.

ह्यांना मी गोळ्यांचं विचारलं. त्या शिशाच्याच आहेत म्हणाले, पण कातडीतून शिसं आत जात नाही, तोंडात गेलं तरच. आणि सहा वर्षांची मुलगी काही हातातलं तोंडात घालत नाही. त्यांनी आयुष्य इंजिनिअरिंगमध्ये काढलं, म्हणून मी ऐकलं.

रागावली असलीस तरी लिही.
पद्मा


नेपरव्हिल, १ सप्टेंबर

चि. पद्मिनीस,
आशीर्वाद.

पत्ता खाली लिहिला आहे. माझ्या डब्यातली तीच हळद आणि उरलेलं काजळ मी तपासायला दिलं होतं, माझं रक्तही. कशातच काही निघालं नाही. हे तुला टोचायला लिहीत नाही. चारुताच्या जागी मी असते तर मीही मावशीवरच संशय घेतला असता.

दुसरंच लिहायचं आहे. तू पाठवलेला फोटो माझ्या फ्रिजवर आहे. इतके दिवस मी त्यात तुझं हसू बघत होते. काल चष्मा पुसून नीट पाहिलं. फरशीवर तीनच गोळ्या आहेत. तुझा उजवा गाल फुगलेला आहे, आणि केयाचाही.

तू लहानपणापासून असंच करतेस. पुढचा डाव ठरवताना एक गोटा गालात धरतेस आणि तुला त्याचा पत्ताही नसतो. सिस्टर बर्नाडेट प्रार्थनेआधी तुला तोंड उघडायला लावायच्या, आठवतं? मुलीने बघितलं आणि आजीसारखं केलं, एवढंच झालं असेल.

आधी डॉक्टरांना कळव. चारुताला तू स्वतः सांग, माझ्या पत्राचा आडोसा घेऊ नकोस. आणि मीच तुला लिहिलं होतं, तिला घाबरवू नकोस म्हणून. तेही सांग.

लोभ होता तसाच आहे. आज फक्त पेन पुढे सरकत नाही.
ताई


शुगर लँड, ९ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला उत्तर लिहायला दिवाळी उलटून गेली. फोनवर काही कळलं आहे, बाकीचं लिहिते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी चारुताला फोन केला. ती केयाशी बोलून आली आणि म्हणाली, हो, गालात ठेवायची. गोड लागायची म्हणे. आजीपण ठेवते, मग मीपण. माझ्या रक्तातही निघालं. ह्यांच्या त्याहून जास्त. आम्हा दोघांच्या आकड्यांशी आता काय करायचं.

केयाला महिनाभर जे औषध दिलं त्याला नासक्या अंड्यांचा वास येत असे. आकडा खाली आला आहे. हाडांत शिरलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं, आणि डोक्यावर काय झालं ते मोठी झाल्यावरच कळेल, असं डॉक्टर सांगतात. शाळेतल्या बाई म्हणतात, वर्गात वाक्य सुरू करते आणि मध्येच सोडून देते.

हळदीबद्दल चारुताने तुझी माफी मागितली आहे. मला ती एक वाकडा शब्द बोलली नाही. एवढंच म्हणाली की आई, तुम्ही केव्हाही या, पण केया आता तिकडे राहायला येणार नाही.

हे त्या रानात जाऊन उकरलेले खड्डे बुजवून आले. मशीन गराजमध्ये भिंतीकडे तोंड करून उभं आहे. जेवायला बसले की आधी माझे हात बघतात.

गेल्या रविवारी आम्ही अर्विंगला गेलो. चारुता आमच्याजवळच कपड्यांच्या घड्या घालत होती. केया माझ्यापुढे मांडी घालून बसली आणि काहीच हातात नसताना खेळू लागली. हवेत उडवलं, जमिनीवरून उचललं, झेललं. एकखई, दुखई, तिखई. तिथे थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. उन्हाळ्यात ती हे झोपेतसुद्धा म्हणायची. मी हळूच सांगितलं, चौखई. तिने मान हलवली, पण तो शब्द तिला ओळखीचा वाटला नाही.

मग तिने विचार करत हात तोंडाशी नेला आणि गाल फुगवला.

चारुता घडी टाकून धावली. तिच्या हनुवटीला धरून तोंड उघडायला लावलं, बोट घालून दोन्ही गाल चाचपले, जीभ वर करायला लावली. काही नव्हतं. तिने पुन्हा पाहिलं. मग केयाने तोंड तसंच उघडं ठेवून माझ्याकडे वळवलं, आणि मीही वाकून पाहिलं.

तुझ्याकडे लोभ मागायला मी हात पुढे करत नाही. तू ठेवशील तेवढा माझा.
पद्मा